आगोटीआधीची बेगमी: किनाऱ्यावर बसून सॉफ्टवेअरचं काम करताना कोणती हत्यारं, कोणती पुस्तकं?

पुळणवाट

मृग लागायच्या आधी घराघरांत लाकूडफाटा, तांदूळ, सुकी मासळी भरून ठेवतात. तसाच हिशोब किनाऱ्यावर बसून प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी मे महिन्यात मांडायला हवा, म्हणून हा धागा. देवगड असो, गुहागर असो की श्रीवर्धन, पावसाळ्याचे चार महिने वीज आणि नेट दोन्ही मधेच जाणार हे धरूनच चालावं लागतं.

हत्यार निवडताना बहुतेक चर्चा वेगावर आणि सोयीवर होते. इथे पहिला प्रश्न वेगळा आहे: काम अर्ध्यात तुटलं तर हातात काय उरतं? नेटपासून सुरुवात करते.

गिट (कोडचे बदल जपणारं हत्यार) वापरून रेपोची, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याची, नक्कल उतरवणं म्हणजे क्लोन. ते अर्ध्यात तुटलं तर काहीच उरत नाही. उतरलेला पॅक टाकून दिला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 2 जीबीची रेपो 90 टक्क्यांवर तीनदा तुटली तर 5 जीबीहून जास्त डेटा वाया गेला. म्हणून आधी --डेप्थ 1 देऊन फक्त शेवटचा कमिट (नोंदलेला बदल) आणावा, मग गिट फेच --डीपन 500 असं टप्प्याटप्प्याने मागे जावं. जो टप्पा पूर्ण झाला तो कायमचा आपला. शेवटी उरलेल्या इतिहासासाठी --अनशॅलो. ब्लॉबलेस क्लोन (--फिल्टर=ब्लॉब:नन) मात्र इथे नको. इतिहास लवकर येतो, पण फायलींचा मजकूर लागेल तेव्हा सर्व्हरवरून मागवला जातो. नेट गेलं की जुन्या कमिटचा डिफ (काय बदललं ते) पाहतानासुद्धा अडकायला होतं.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनचं टर्मिनल) वापरत असाल तर आधी त्याचं गोठणं समजून घ्या. टीसीपी जोडणी ओळखली जाते चार गोष्टींवरून: दोन्हीकडचे आयपी पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट. फायबर गेलं आणि लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आला की पत्ता बदलतो, आणि ती जोडणी तिथेच संपते. पण हे दोन्ही टोकांना लगेच कळत नाही. पाठवलेल्याची पोच आली नाही की लिनक्स तेच पॅकेट वाढत्या अंतराने पुन्हा पाठवत राहतं. टीसीपी_रिट्राइज2 चं मूळ मूल्य 15 असतं, त्या हिशोबाने हार मानायला साधारण 15 मिनिटं लागतात. तोवर टर्मिनल मख्ख. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल 15 आणि सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स 3 लिहिलं तर 45 सेकंदांत सोक्षमोक्ष लागतो.

त्याहून बरं मॉश, एसएसएचच्या जागी वापरायचं हत्यार. ते यूडीपीवर चालतं (पोर्ट 60000 ते 61000) आणि जोडणी पत्त्यावरून न ओळखता किल्लीवरून ओळखतं. त्यामुळे पत्ता बदलला तरी सत्र चालू राहतं. मॉशमध्ये मागचा मजकूर वर सरकवून पाहता येत नाही, पोर्ट फॉरवर्डिंगही नाही, म्हणून आत टीमक्स (सर्व्हरवरच सत्र जिवंत ठेवणारा प्रोग्रॅम) हवंच. लांबलचक मायग्रेशन किंवा बिल्ड टीमक्सबाहेर कधीच सुरू करू नये.

मोठ्या फायली आणण्या-पाठवण्यासाठी आरसिंक या प्रोग्रॅमला --पार्शल आणि --टाइमआउट=30 द्यावं. टाइमआउट नसेल तर तुटलेल्या जोडणीवर ते ताटकळत बसतं.

विजेचं, पुस्तकांचं, दमट हवेचं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी कृपया पुढे लिहावं.

खाडीपलीकडे

उत्तम धागा. आरसिंकबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. नुसतं --पार्शल दिलं तर अर्धवट उतरलेली फाइल मूळ नावानेच जागेवर येऊन बसते. त्या फोल्डरवर दुसरा एखादा प्रोग्रॅम नजर ठेवून असेल तर तो तिला पूर्ण समजून उचलतो. झिप असेल तर निदान उघडताना कळतं. सीएसव्ही असेल तर कळतही नाही, खालच्या ओळी गुपचूप गायब. म्हणून --पार्शल-डिर=.अर्धवट द्यावं. तुकडा बाजूच्या फोल्डरमध्ये राहतो, पुढच्या वेळी तिथूनच वापरला जातो, आणि फाइल पुरी झाल्यावरच मूळ नाव घेते.

--अपेंड कुणी सुचवलं तर जपून. आधी उतरलेला भाग जसाच्या तसा बरोबर आहे असं ते धरून चालतं. मूळ फाइल मधल्या काळात बदलली असेल तर जुनं डोकं आणि नवं शेपूट अशी फाइल तयार होते. --अपेंड-व्हेरिफाय शेवटी सगळ्याचा चेकसम पाहतं, त्यामुळे ते ठीक.

आणि हे सगळं अनटिल लूपमध्ये घालावं: आरसिंक यशस्वी होईपर्यंत चालव, मधे 20 सेकंद थांब. रात्री लावून झोपता येतं.

चिरेबंदी

विजेचा हिशोब मांडतो. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याहून खाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणून धरा 900. इन्व्हर्टर त्यातले 80 टक्के देतो, उरले 720. आता खर्च: लॅपटॉप 60, मॉनिटर 25, ओएनटी (फायबरचा घरातला डबा) आणि राउटर मिळून 15, एलईडी दिवा 10, साधा जुना पंखा 75. एकूण 185 वॅट, म्हणजे चार तासांना थोडं कमी. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला (28 वॅट) तर एकूण 138 आणि वेळ सव्वापाच तास. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलावा, खर्चाच्या मानाने त्याचा फायदा जास्त.

आता महत्त्वाचं. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं: यूपीएस आणि नॉर्मल. सॉफ्टवेअरवाले न विचारता यूपीएसवर ठेवतात, कारण त्यात वीज गेल्यावर बॅटरीवर जायला 10 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि डेस्कटॉप बंद पडत नाही. पण यूपीएस मोड व्होल्टेजच्या बाबतीत नाजूक असतो. साधारण 180 च्या खाली गेलं की तो लाइन सोडून बॅटरीवर जातो. वाडीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरात संध्याकाळी पंप चालू झाले की 170-175 व्होल्ट ही नेहमीची गोष्ट. म्हणजे वीज असताना बॅटरी संपत राहते, आणि रात्री खरी वीज जाते तेव्हा ती रिकामी. मग लोक बॅटरीला दोष देतात.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्याला यूपीएस मोडची गरजच नाही. गरज आहे ती ओएनटी आणि राउटरला. त्यांना 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा आणि इन्व्हर्टर नॉर्मलवर टाका. छोट्या यूपीएसवर 8800 एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं, म्हणजे साधारण 32 वॅट-तास. 15 वॅटच्या भाराला दोन तासही धड नाहीत. तेवढे पुरे, कारण त्याच्या मागे इन्व्हर्टर आहेच. राउटर रीस्टार्ट न होणं एवढंच त्याचं काम. ॲडॅप्टरवरचे ॲम्पिअर मात्र पाहून घ्या. 2 ॲम्पिअर लागणाऱ्या राउटरला 1 ॲम्पिअरचा यूपीएस लावला तर वायफायवर भार आला की तो अचानक रीसेट होतो आणि दोष फायबरवर जातो.

खारट वाऱ्यात बॅटरीच्या टर्मिनलला हिरवा-पांढरा फुलोरा येतो. गरम पाण्याने साफ करून, पूर्ण सुकवून, घट्ट आवळून मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळू नये.

माडाखाली

एक प्रश्न. घरात वीज आहे, राउटर चालू आहे, तरी वीज गेल्यावर दोनेक तासांनी नेट जातं. हे का?

चिरेबंदी

तुमच्या घरापासून पुढे फायबर जिथे जातं तिथेही विजेवर चालणारं यंत्र असतं, आणि त्याचा बॅकअप संपतो. ओएनटीवर पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) दिवा बघा. तो स्थिर हिरवा असून नेट नसेल तर अडचण पुढच्या नेटवर्कमध्ये. लॉसचा लाल दिवा लागलाय तर प्रकाशच येत नाही: तार तुटली किंवा पलीकडचं यंत्र बंद. रोज ठरावीक वेळाने जात असेल तर बॅकअप संपतोय हे जवळपास नक्की. दुसरी सोय म्हणून वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा, आणि आधी खात्री करा की दोन्ही कंपन्या गावात एकाच टॉवरवर नाहीत.

सड्यावरून

वीज जाण्याचा खरा घाव डिस्कवर बसतो, त्याबद्दल लिहितो. डेस्कटॉप किंवा घरातला छोटा सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी हे जास्त.

राइट कॉल यशस्वी झाला म्हणजे मजकूर डिस्कवर पोचला असं नव्हे. तो कर्नलच्या मेमरीत असतो. म्हणून आपल्या प्रोग्रॅममध्ये महत्त्वाची फाइल कधीही जागच्या जागी लिहू नये. त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहावी, तिच्यावर एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरव असा आदेश) करावं, मग रीनेम करून जुन्या नावावर आणावी, आणि शेवटी डिरेक्टरीवरही एफसिंक. तात्पुरती फाइल /टीएमपी मध्ये बनवली तर बऱ्याचदा ती वेगळी फाइलसिस्टिम असते आणि रीनेम चालतच नाही. मधलं एफसिंक गाळलं तर नाव नवं आणि पोट रिकामं अशी शून्य बाइटची फाइल मिळू शकते.

गिटमध्ये हेच दिसतं. कमिट केल्या केल्या वीज गेली, आणि नंतर 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' अशी तक्रार. तेव्हा घाबरून रेपो उडवू नका. क्रम असा:

पहिली गोष्ट, अख्ख्या .गिट फोल्डरची नक्कल बाजूला काढा. मग .गिट/ऑब्जेक्ट्स मधल्या शून्य बाइटच्या फायली फाइंड -एम्प्टी ने शोधून काढून टाका. गिट फेच करा, म्हणजे सर्व्हरवर असलेले ऑब्जेक्ट परत येतील. मग तपासणीसाठी गिट एफएससीके --फुल. शेवटचा कमिटच सापडत नसेल तर .गिट/लॉग्ज/हेड ही साधी मजकुराची फाइल आहे, ती उघडून शेवटून दुसऱ्या ओळीतला हॅश घ्या आणि गिट अपडेट-रेफ ने शाखा तिथे वळवा. वर्किंग डिरेक्टरीतल्या तुमच्या फायलींना यातलं काही हात लावत नाही, त्या पुन्हा कमिट करता येतात. गिट 2.36 पासून (2022) कोअर.एफसिंक ही सेटिंग आहे. तिला 'कमिटेड' द्या म्हणजे ही वेळ सहसा येणार नाही.

एसक्यूलाइट हा डेटाबेस वॅल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) असेल तर चालू डेटाबेसची नुसती सीपी करू नका. शेजारच्या -वॅल फाइलमध्ये ताजे व्यवहार असतात, ते मागे राहतात. .बॅकअप किंवा व्हॅक्यूम इनटू वापरा. आणि सिंक्रोनस नॉर्मल ठेवलं असेल तर वीज गेल्यावर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात. हिशोबाचा, पैशांचा डेटा असेल तर फुल ठेवा.

गलबत

बेगमीच्या यादीत माझी भर. बहुतेकांचं काम अडतं ते स्वतःच्या कोडमुळे नाही, बाहेरून येणाऱ्या पॅकेजेसमुळे.

पायथनसाठी पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स, आणि मग बसवताना --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स. मॅकवर उतरवलेली व्हील्स (तयार पॅकेजेस) लिनक्स सर्व्हरवर चालतीलच असं नाही; त्यासाठी --प्लॅटफॉर्म आणि --ओन्ली-बायनरी=:ऑल: द्यावं लागतं. गो आणि रस्टला व्हेंडर करण्याची, म्हणजे बाहेरची पॅकेजेस प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच आणून ठेवण्याची, सोय आहे: गो मॉड व्हेंडर, कार्गो व्हेंडर. एनपीएमला सीआय --प्रिफर-ऑफलाइन. मेव्हनचं डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन सगळे प्लगइन आणेलच याचा भरवसा धरू नये, त्यानंतर एकदा -ओ देऊन पूर्ण बिल्ड चालवूनच बघावा. डॉकरच्या इमेज डॉकर सेव्ह करून जीझिप करून ठेवाव्यात, नाहीतर प्रून (साफसफाईचा आदेश) चुकून चाललं की 1 जीबीची मूळ इमेज भर पावसात पुन्हा उतरवायला लागते.

भाषा-लायब्ररींच्या कागदपत्रांसाठी झील हा प्रोग्रॅम. लागतील ते संच एकदा उतरवले की नेटशिवाय शोधता येतात. ब्राउझरमध्येच हवं असेल तर डेव्हडॉक्सचा ऑफलाइन पर्याय. स्टॅक ओव्हरफ्लोचा (प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचा) संग्रह किविक्स या नेटशिवाय वाचायच्या ॲपमध्ये मिळतो, पण तो कित्येक जीबींचा असल्यामुळे पुण्या-मुंबईहून येणाऱ्याकडून पेन ड्राइव्हवर मागवणं सोपं. पेन ड्राइव्ह एफएटी32 असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून पाठवायला सांगा.

आणि मॅन पेजेस (मशीनवरचीच माहितीपानं)! ती तर आधीपासून मशीनवर आहेतच. टीसीपीची सेटिंग, सिग्नल, फाइल डिस्क्रिप्टर यांबद्दल मॅन 2 आणि मॅन 7 मध्ये जे आहे त्याच्या तोडीचं नेटवर शोधूनही क्वचित मिळतं.

माडाखाली

दमट हवा आणि विजा यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

लॅपटॉप सगळ्यात जास्त बिघडतो तो एसीतून बाहेर आणताना. बाहेर 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 27 अंशांच्या आसपास येतो. एसीच्या खोलीतून 24 अंशांचा लॅपटॉप पडवीत आणला की गार पेल्यावर बाहेरून पाणी सुटतं तसंच त्याच्या धातूवर सुटणार, आतूनही. त्यावर हवेतलं मीठ बसलेलं असतंच. मीठ आणि पाणी एकत्र आलं की बोर्डावर गंज चढतो. उपाय सोपा: एसीच्या खोलीतच बॅगेत घालून चेन लावा, बाहेर आणा, अर्धा तास उघडू नका.

समुद्रासमोरच्या खिडकीत यंत्र ठेवू नका. आतला पंखा तीच हवा ओढतो. न वापरलेल्या पोर्टना रबरी टोप्या लावा. एचडीएमआय, लॅन यांच्या पिना काळपटल्या तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. औषधाच्या दुकानातलं 70 टक्केवालं नको, त्यात पाणी असतं.

विजा. जास्त धोका मेमधल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या दुपारच्या गडगडाटी पावसात असतो, आषाढातल्या झडीत तुलनेने कमी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. सूचना आली की चार्जर, ओएनटीचा ॲडॅप्टर आणि लॅनची केबल, तिन्ही काढा. लोक पहिली दोन काढतात आणि तिसरी विसरतात. घरातून गोठ्यावर किंवा शेजारच्या इमारतीवर तांब्याची लॅन केबल टाकली असेल तर तिथूनच दाब आत येतो. इमारतींमध्ये फायबरच टाकावं.

सर्ज प्रोटेक्टर अर्थिंग चांगलं असेल तरच काम करतो, आणि कातळावरच्या घरात तेच अवघड. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. नेमका मेमध्ये, जेव्हा विजा पडतात, तेव्हा अर्थिंग सगळ्यात कमजोर. खड्ड्यात पाणी घालत राहा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. बल्ब लावून बघण्याने काही सिद्ध होत नाही.

पुळणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीपलीकडे, दुरुस्ती मान्य, माझ्या स्क्रिप्टांतही बदलते आहे.

पुस्तकांकडे येऊया. नेट नसताना छापील पुस्तकाची किंमत कळते, पण कपाटात कोणती ठेवावीत? ब्राउझरच्या फ्रेमवर्कवरची नकोत, दोन वर्षांत शिळी होतात. न बदलणाऱ्या थरांवरची हवीत. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक (पहिली आवृत्ती 1978, घ्यायची ती 1988 ची दुसरी) तीनशे पानांच्या आत आहे आणि त्याच्या आठव्या प्रकरणात युनिक्सचे ओपन, रीड, राइट कॉल आहेत. सड्यावरून यांनी लिहिलेलं एफसिंक त्यात नाही, पण ते कुठल्या जागी बसतं ते त्या प्रकरणाने कळतं. गोठलेल्या एसएसएचचं कोडं ज्यांना मुळापासून समजून घ्यायचं आहे त्यांनी स्टीव्हन्स यांच्या 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'चा पहिला खंड घ्यावा (1994). पॅकेट कधी गेलं, पोच कधी आली, हे त्यात प्रत्यक्ष नोंदींवरून दाखवलं आहे. आणि क्लेपमन यांचं डेटा-प्रणालींवरचं 2017 चं पुस्तक, त्यातलं आठवं प्रकरण. नेटवर्क, घड्याळ, थांबलेली प्रक्रिया यांतल्या कशावरही विसंबता येत नाही हे ते इतक्या सविस्तर मांडतं की किनाऱ्यावरच्या माणसाला ओळखीचं वाटेल.

खाडीपलीकडे

पुस्तकं टिकवण्याबद्दल. आर्द्रता सतत 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे ती चार महिने वरच असते. कपाट पश्चिमेच्या भिंतीला नको, झोडपणारा पाऊस त्याच बाजूने येतो आणि चिरा पाणी पितो. भिंतीपासून तीन बोटं पुढे, जमिनीपासून वीतभर वर. पुस्तकं ठासून भरू नका. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, ओल नाही. गुळगुळीत कागदाची पुस्तकं भिजली तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात, त्यांना आधी हवाबंद डब्यात जागा द्या. डब्यात सिलिका जेल, नारंगी रंगाचं. हिरवं झालं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास, पुन्हा कामाला. ओलसर झालेलं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, आधी सावलीत पंख्याखाली सुकवावं.

सड्यावरून

बॅकअपचा विषय राहिला. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळंच एकदम बुडालं. संगणक खाली आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल तर तो बॅकअप धरूच नये. एक प्रत माळ्यावर, एक गावाबाहेर.

बॅकअपसाठी रेस्टिक हा प्रोग्रॅम वापरा. अर्ध्यात तुटलं तर पुन्हा चालवा, आधी चढलेले बहुतेक तुकडे पुन्हा चढत नाहीत. जुनं कुलूप राहिल्याची तक्रार आली तर दुसरीकडे बॅकअप चालू नाही ना हे पाहून रेस्टिक अनलॉक. अपलोड सगळं नेट खाऊ नये म्हणून --लिमिट-अपलोड, ते सेकंदाला किती केआयबी यात द्यायचं असतं. महिन्यातून एकदा रेस्टिक चेक --रीड-डेटा-सबसेट=5%, म्हणजे थोडा थोडा डेटा खरोखर वाचून पाहिला जातो.

माळ्यावरच्या प्रतीसाठी एसएसडी नको. जेडेक या इलेक्ट्रॉनिक्सची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे की पूर्ण झिजल्यावरही विजेविना 30 अंशांवर 1 वर्ष डेटा टिकावा. कौलाखालचा माळा मेमध्ये 30 वर थांबत नाही. साधी फिरती हार्ड डिस्क, डब्यात, सिलिका जेलसह, आणि तीन महिन्यांनी एकदा चालवून बघायची.

गलबत

या सगळ्याची चाचणी मेच्या शेवटच्या आठवड्यात करून घ्यावी. सकाळी राउटर बंद, मोबाइल डेटा बंद, रेपो नव्या फोल्डरमध्ये क्लोन करून पूर्ण बिल्ड आणि टेस्ट. पहिल्याच दिवशी चार-पाच गोष्टी अडतात: एखादी टेस्ट बाहेरच्या एपीआयला हात लावते, लिंटर स्वतःचे नियम नेटवरून आणतो, एडिटर लॉगिन मागतो. त्या लिहून ठेवा आणि संध्याकाळी नेट सुरू करून एकेक भरून काढा.

माडाखाली

नेट बंद असताना क्लोन कुठून करायचं?

गलबत

शेजारच्याच फोल्डरमधून, गिट क्लोनला स्थानिक मार्ग चालतो. किंवा सर्व्हरवर गिट बंडल क्रिएट ... --ऑल करून एकच फाइल बनवा, ती आरसिंकने तुकड्यातुकड्याने आणा, गिट बंडल व्हेरिफाय करा आणि तिच्यातूनच क्लोन करा. पुळणवाट यांनी सुरुवातीला सांगितलेला मोठ्या रेपोचा प्रश्नही त्यानेच सुटतो, कारण क्लोन अर्ध्यावरून पुढे नेता येत नाही, फाइल नेता येते. क्लोन झाल्यावर रिमोट सेट-यूआरएलने ओरिजिन खऱ्या सर्व्हरवर वळवायला विसरू नका, नाहीतर पुढचा फेच त्या बंडलमध्येच शोधत राहील.